सरकारी महामंडळांचे वार्षिक अहवाल सभागृहात गेल्यावर त्यांचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीची बरीच वर्षं मी एका सरकारी कंपनीच्या लेखाशाखेत काढली. वार्षिक अहवालाचं बाड तयार करायचं, मराठी आणि इंग्रजी प्रती छापून घ्यायच्या आणि मंत्रालयात पोचवून पोच घ्यायची, हे काम माझ्या टेबलावर असे. निवृत्तीनंतर पत्रकार, माहिती अधिकारातले कार्यकर्ते आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं फोन करून साधारण तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

अहवाल ‘पटलावर ठेवणे’ म्हणजे नक्की काय?

मंत्र्यांनी तो सभागृहाला अधिकृतपणे सादर करणं. लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास संपला की बाराच्या सुमारास ही कागदपत्रं येतात, राज्यसभेत कामकाजाच्या सुरुवातीलाच येतात. विधानसभेच्या कामकाजात ‘कागदपत्रे सभागृहासमोर ठेवणे’ असं एक कलम असतं. मंत्री उभे राहतात, एका वाक्यात कागदपत्रं ठेवल्याचं सांगतात आणि खाली बसतात. पाच-सात मंत्र्यांचे डझनभर अहवाल काही मिनिटांत ठेवून होतात. त्या वेळी चर्चा होत नाही. दूरदर्शनवर पाहणाऱ्याला वाटतं, हा निव्वळ उपचार आहे.

पण त्या एका वाक्यानंतर अहवाल सभागृहाच्या मालकीचा होतो. समितीला तो मागवून तपासता येतो, सदस्याला त्यातल्या आकड्यावर प्रश्न लावता येतो, पत्रकाराला तो बेधडक छापता येतो. ‘अहवाल वेळेत ठेवा’ हा आग्रह त्यासाठीच आहे.

कोणाकोणाला अहवाल ठेवावा लागतो?

आधी सरकारी कंपन्यांचं पाहू. भरणा झालेल्या भागभांडवलापैकी किमान ५१ टक्के केंद्राचं, राज्याचं किंवा दोघांचं मिळून असेल तर ती सरकारी कंपनी, आणि तिची उपकंपनीही सरकारीच. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ३९४ नुसार केंद्राचा वाटा असलेल्या कंपनीचा अहवाल संसदेत जातो. त्याच कंपनीत राज्याचाही वाटा असेल तर प्रत विधिमंडळातही ठेवावी लागते. मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशन आणि नागपूर-पुण्याची महामेट्रो या केंद्र व राज्याच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीच्या कंपन्या आहेत, म्हणजे त्यांचा हिशेब दिल्लीलाही द्यायचा आणि मुंबईलाही. फक्त राज्याच्या कंपन्यांसाठी कलम ३९५ आहे. सिडको, महावितरण, महानिर्मिती, महापारेषण त्यात येतात.

दुसरा गट स्वतंत्र कायद्याने स्थापन झालेल्या महामंडळांचा. एसटी ही कंपनी नाही. ती १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली चालते आणि अहवालाची तरतूद त्याच कायद्यात आहे. गंमत म्हणजे शेजारच्या गोव्यातली कदंब ही कंपनी कायद्याखालची कंपनी आहे. बस तीच, रस्ता तोच, पण हिशेबाची वाट निराळी.

तिसरा गट आयोगांचा. लोकसेवा आयोग, माहिती आयोग, मानवी हक्क आयोग, लोकायुक्त. यांची गोष्ट वेगळी आहे, म्हणून ती खाली स्वतंत्र लिहिली आहे.

आणि बेस्ट? सहकारी साखर कारखाने?

बेस्ट हा मुंबई महापालिकेचा उपक्रम, त्यामुळे तिचा अर्थसंकल्प आणि हिशेब पालिकेत. साखर कारखान्याचा अहवाल सभासदांच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत. तिथे खुर्च्या उडतात तो भाग वेगळा, पण विधिमंडळाच्या पटलावर तो येत नाही.

मुदत किती असते?

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. सभेनंतर तीन महिन्यांत सरकारने वार्षिक अहवाल तयार करायचा आणि त्यानंतर शक्य तितक्या लवकर लेखापरीक्षकाचा अहवाल व कॅगच्या, म्हणजे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या, टिप्पणीसह सभागृहात ठेवायचा. हिशेब केला तर ३१ डिसेंबर येतो. नागपूरचं हिवाळी अधिवेशन याच सुमारास असतं, म्हणून मंत्रालयातून नागपूरला जाणाऱ्या फायलींच्या ट्रंकांमध्ये अहवालांचे गठ्ठे हमखास असायचे.

केंद्राच्या स्वायत्त संस्थांसाठी सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मध्ये तारखाच दिल्या आहेत. ३० जूनपर्यंत हिशेब लेखापरीक्षेला द्यायचे, ३१ ऑक्टोबरपर्यंत लेखापरीक्षा अहवाल मिळायचा आणि ३१ डिसेंबरपर्यंत सगळं मंत्रालयाकडे पोचायचं.

मग दोन-दोन, चार-चार वर्षांचे अहवाल एकदम का येतात?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि त्याचं उत्तर कायद्यात सापडत नाही, लेखाशाखेत सापडतं.

हिशेब ही साखळी असते. यंदाची सुरुवातीची शिल्लक म्हणजे गेल्या वर्षीची अखेरची शिल्लक. एक वर्ष अडकलं की पुढचं आपोआप अडकतं. वर्ष अडकतं ते बहुधा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवर. एखाद्या जिल्हा कार्यालयाचा बँक ताळमेळ आलेला नसतो. गोदामातल्या मालाची मोजणी झालेली नसते. सरकारकडून आलेली रक्कम भागभांडवल म्हणून धरायची की कर्ज म्हणून, याचं पत्र मंत्रालयातून आलेलं नसतं. आमच्याकडे एका वर्षाचा ताळेबंद अशा एका पत्रासाठी चौदा महिने पडून होता. पत्र आलं तेव्हा ते दोन ओळींचं होतं.

त्यात संचालक मंडळाची अडचण. व्यवस्थापकीय संचालक हा बहुधा सनदी अधिकारी असतो आणि त्याची बदली कधीही होते. नवा साहेब आधीच्या साहेबाच्या काळातल्या हिशेबांवर सही करायला सहजी तयार होत नाही, आणि त्याचंही चुकतं असं मी म्हणणार नाही. अध्यक्षपद रिकामं असेल तर बैठकच लागत नाही.

आणखी एक पळवाट आहे. ३० सप्टेंबरच्या आत सर्वसाधारण सभा बोलवायची, हिशेब तयार नाहीत म्हणून ती तहकूब करायची, आणि हिशेब आले की ‘तहकूब सभा’ म्हणून पुन्हा भरवायची. कागदावर सभा वेळेत झालेली दिसते. अहवाल हातात आला की सभेच्या तारखेजवळ ‘तहकूब’ हा शब्द आहे का ते बघत जा.

हिशेबांच्या या थकबाकीवर कॅग महाराष्ट्राबाबतच्या अहवालांतून वर्षानुवर्षं बोट ठेवत आला आहे. तरीही ज्या कंपन्यांचे हिशेब थकलेले आहेत त्यांना सरकारकडून भांडवल, कर्ज, अनुदान मिळत राहतं. माझ्या मते खरा दोष इथे आहे. हिशेब नाहीत तर पैसा नाही, एवढा नियम कडकपणे पाळला तर निम्मी थकबाकी वर्षभरात निघेल. आमच्या शाखेत नुसती अनुदान थांबल्याची अफवा आली तेव्हा तीन महिन्यांचं काम तीन आठवड्यांत झालं होतं.

उशीर झाला तर शिक्षा काय?

फारशी नाही. सभा वेळेत न घेतल्याबद्दल कंपनी कायद्यात दंड आहे, पण सभागृहात अहवाल उशिरा ठेवल्याबद्दल कोणाचा पगार कापला जात नाही. संसदेत प्रथा अशी की अहवालासोबत ‘विलंबाच्या कारणांचं निवेदन’ ठेवायचं. आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांची मुदत उलटली आणि अहवाल तयार नसेल, तर उशीर का झाला हे सांगणारं निवेदन तरी ठेवायचं.

ही निवेदनं वाचण्यासारखी असतात. ‘प्रशासकीय कारणास्तव’, ‘मुद्रणास विलंब झाल्याने’, ‘भाषांतरास वेळ लागल्याने’. संसदेत प्रत हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लागते, त्यामुळे भाषांतरकाराच्या माथी खापर फोडणं सर्वांत सोपं. दोन वर्षांच्या उशिरात भाषांतराचा वाटा खरोखर किती, हे विचारणारं कोणीतरी हवं.

ते विचारायला कोणी आहे का?

आहे. लोकसभेची पटलावर ठेवलेल्या कागदपत्रांची समिती १९७५ पासून आहे, राज्यसभेची १९८१ पासून. लोकसभेच्या समितीत १५ सदस्य, राज्यसभेच्या समितीत १०. अहवाल वेळेत आला का, नसेल तर दिलेलं कारण पटण्यासारखं आहे का, सोबत लेखापरीक्षा अहवाल आणि सरकारचा आढावा आहे का, एवढंच ही समिती पाहते. फार प्रसिद्धी नाही, मथळे नाहीत. पण सचिवाला दिल्लीत बोलावून ‘तारीख का चुकली?’ असं विचारणारी हीच समिती.

मजकूर कोण तपासतं?

कंपन्या आणि महामंडळांसाठी सार्वजनिक उपक्रम समिती. संसदेची समिती १ मे १९६४ पासून आहे. लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ असे २२ सदस्य, मुदत एक वर्ष, मंत्र्याला सदस्य होता येत नाही. महाराष्ट्रातही सार्वजनिक उपक्रम समिती ही विधानसभा आणि विधान परिषद यांची संयुक्त समिती आहे. कॅगच्या अहवालातले कंपन्यांविषयीचे परिच्छेद तिच्याकडे जातात, खात्यांविषयीचे लोकलेखा समितीकडे.

मंत्रालयांच्या स्वतःच्या वार्षिक अहवालांसाठी संसदेत विभागवार स्थायी समित्या आहेत. १९९३ मध्ये त्या १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत. मंत्रालयांचे वार्षिक अहवाल तपासणं हे त्यांच्या नेमून दिलेल्या कामांपैकी एक. प्रत्यक्षात अनुदानाच्या मागण्या (म्हणजे मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या) आणि विधेयकं यांतच त्यांचं वर्ष सरतं, वार्षिक अहवाल शेवटी राहतो.

ही उपक्रम समिती आली कुठून?

आयुर्विमा महामंडळाच्या भानगडीने तिला जोर आला. महामंडळाने १९५७ मध्ये उद्योगपती हरिदास मुंदडा याच्या सहा कंपन्यांमध्ये सुमारे १ कोटी २४ लाख रुपये गुंतवले. फिरोज गांधी यांनी हे प्रकरण लोकसभेत काढलं, तेही सत्ताधारी बाकांवरून. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांची चौकशी मुंबईत जाहीरपणे झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

सरकारी उपक्रमांवर नजर ठेवायला वेगळी समिती हवी, ही मागणी त्याआधीची. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, मूळचे रत्नागिरीकडच्या मराठी घराण्यातले आणि कर्मभूमी अहमदाबाद, हे त्या मताचे होते. सरकारला मात्र स्वायत्ततेची काळजी होती. कारखाना चालवायचा की खासदारांना उत्तरं देत बसायचं, हा युक्तिवाद तेव्हाही होता. मुंदडा प्रकरणानंतर तो लंगडा पडला, तरी समिती स्थापन व्हायला आणखी सहा वर्षं गेलीच.

समितीपुढची साक्ष कशी असते?

आधी प्रश्नावली येते. तिची उत्तरं आम्ही लेखाशाखेत तयार करायचो, वर विभागाकडे पाठवायचो, तिथून गुळगुळीत होऊन ती समितीकडे जायची. मग साक्षीची तारीख. सचिव, व्यवस्थापकीय संचालक, वित्त अधिकारी समोर, महालेखाकार कार्यालयाचे, म्हणजे कॅगच्या राज्यातल्या कार्यालयाचे, अधिकारी समितीच्या मदतीला. मंत्र्यांना बोलावत नाहीत. बैठक बंद दाराआड होते, वार्ताहर नसतात.

बंद दार वाईट, असं वाटू शकतं. माझा अनुभव उलटा आहे. सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारे आमदार समितीत एकाच बाजूने प्रश्न विचारताना मी पाहिले आहेत. कॅमेरा नसला की माणसं कागद वाचतात. एका ज्येष्ठ सदस्याने अहवालाचं एक पान उघडून ‘ही रक्कम सलग तीन वर्षं तीच कशी?’ एवढंच विचारलं होतं. आमच्या साहेबांना उत्तर आलं नाही, मागच्या रांगेत बसलेल्या मलाही आलं नाही. ती रक्कम कोणीतरी जुन्या ताळेबंदातून तशीच उतरवत आलं होतं.

समितीच्या शिफारशी बंधनकारक असतात का?

नाही. पण सरकारला उत्तर द्यावं लागतं. संसदेत उपक्रम समितीच्या अहवालावर सहा महिन्यांत कार्यवाहीचं उत्तर अपेक्षित असतं, विभागवार समित्यांच्या बाबतीत तीन महिन्यांत. त्यानंतर समिती दुसरा अहवाल काढते आणि कोणती शिफारस मानली गेली, कोणत्या उत्तराने समाधान झालं नाही, कोणतं उत्तर अजून अंतरिमच आहे, याची वर्गवारी करते. बातमी शोधणाऱ्याने हा दुसरा अहवाल वाचावा. पहिल्यात आरोप असतात, दुसऱ्यात सरकारने त्यांचं काय केलं ते असतं.

समिती काय तपासू शकत नाही?

सरकारचं मोठं धोरण आणि रोजचा कारभार. वीज कंपनीचं विभाजन करावं की नाही हे धोरण. अमुक उपकेंद्रातल्या कारकुनाची बदली का केली हा रोजचा कारभार. या दोहोंच्या मधला पट्टा समितीचा. तो बराच रुंद आहे.

कॅगने ‘टिप्पणी नाही’ म्हटलं म्हणजे कारभार स्वच्छ का?

अजिबात नाही. सरकारी कंपनीसाठी कॅग एक सनदी लेखापाल लेखापरीक्षक म्हणून नेमतो. त्या सनदी लेखापालाचा अहवाल मिळाल्यापासून ६० दिवसांत कॅगला पूरक लेखापरीक्षा करून टिप्पणी देता येते. ‘टिप्पणी नाही’ याचा अर्थ लेखापालाच्या अहवालात भर घालण्यासारखं काही आढळलं नाही, एवढाच. लेखापालाने स्वतः दहा आक्षेप नोंदवलेले असले तरी कॅगची टिप्पणी कोरी असू शकते. एसटी आणि एमआयडीसी यांचा मात्र कॅग हाच एकमेव लेखापरीक्षक आहे, तिथे मधला लेखापाल नाही.

आयोगांच्या अहवालांचं वेगळेपण काय?

त्यांपैकी बहुतेकांसोबत सरकारला स्वतःचं ज्ञापन, म्हणजे खुलाशाचं टिपण, जोडावं लागतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२३ नुसार लोकसेवा आयोगाचा सल्ला सरकारने कुठे मानला नाही आणि का, हे ज्ञापनात लिहून दोन्ही कागद सभागृहात ठेवायचे. केंद्रीय आयोगालाही हे लागू, एमपीएससीलाही. मानवी हक्क आयोगाबाबत आणि अनुसूचित जाती-जमातींच्या राष्ट्रीय आयोगांबाबतही अशीच तरतूद आहे. महाराष्ट्रात १९७१ च्या लोकायुक्त कायद्यातही राज्यपालांनी अहवाल स्पष्टीकरणात्मक ज्ञापनासह ठेवावा असं होतं.

तरतूद चांगली, पण तिचाच फास होतो. आयोग अहवाल वेळेत देतो, विभागाचं ज्ञापन तयार नसतं, आणि ज्ञापनाशिवाय अहवाल ठेवायचा नाही म्हणून तो कपाटात पडून राहतो. ‘आयोगाने अहवाल दिला की नाही?’ आणि ‘सभागृहात ठेवला की नाही?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारा.

पटलावर येण्याआधी अहवाल माहिती अधिकारात मिळतो का?

सहसा नाही. कलम ८(१)(ग), म्हणजे विधिमंडळाचा विशेषाधिकार भंग होईल अशी माहिती, हे कारण देऊन अर्ज फेटाळला जातो. तिथे अडून बसू नका. त्याऐवजी तारखा मागा: हिशेब संचालक मंडळाने कधी मंजूर केले, लेखापालाने सही कधी केली, महालेखाकारांकडे कधी पाठवले, विभागाला कधी सादर केले. तारखांनी कोणाचा विशेषाधिकार भंग होत नाही, आणि अहवाल कोणाच्या टेबलावर अडला आहे ते त्यातून लख्ख दिसतं.

एक विसंगती सांगतो. शेअर बाजारात नोंदलेल्या सरकारी कंपनीचा दहा शेअर घेतलेला माणूस सर्वसाधारण सभेच्या २१ दिवस आधी तिचे हिशेब वाचू शकतो. जनतेच्या वतीने बहुसंख्य भाग ज्यांच्या देखरेखीखाली आहेत, त्या खासदारांच्या पटलावर तेच हिशेब डिसेंबरात येतात.

अहवाल हातात आला तर कुठून वाचायला सुरुवात करावी?

मागून. पुढची गुळगुळीत पानं, अध्यक्षांचा संदेश आणि दीपप्रज्वलनाचे फोटो सोडून द्या. आधी लेखापालाचा अहवाल उघडा आणि त्याचा अभिप्राय निखळ आहे की ‘पुढील बाबी वगळता’ असा आहे ते पाहा. त्या बाबी गेल्या वर्षीच्या अहवालाशी ताडून पाहा. शब्दशः त्याच असतील तर वर्षभरात कोणी काही केलं नाही असं समजा. मग हिशेबावरच्या टिपा. ‘येणे-देणे रकमांची जुळवणी संबंधितांकडून पुष्टी मिळण्याच्या अधीन’ हे वाक्य दिसलं की कोणाकडून किती यायचे हे कंपनीलाच पक्कं ठाऊक नाही. संभाव्य दायित्वांची टीप सोडू नका. न्यायालयात अडकलेली भूसंपादनाची वाढीव भरपाई तिथे एका ओळीत असते, आणि पुढे कधीतरी तीच ओळ कंपनीचा नफा गिळते.

नफा दिसत असेल तर तो धंद्यातून आहे की ठेवींच्या व्याजातून, ते बघा. काही महामंडळं योजनांसाठी आलेला पैसा बँकेत ठेवून व्याजावर नफ्यात दिसतात. लाभार्थ्यांना जितकं कमी वाटप, तितका जास्त नफा.

दुसऱ्या देशांत हे बरं चालतं का?

ऑस्ट्रेलियाच्या सिनेटची रीत मला आवडते. तिथे प्रत्येक संस्थेचा वार्षिक अहवाल संबंधित समितीकडे आपोआप जातो. समितीने तो ‘सकृद्दर्शनी समाधानकारक’ आहे की नाही हे सभागृहाला कळवायचंच असतं, आणि उशिरा आलेल्यांची नोंद घ्यायची असते. आपल्याकडे समिती वर्षाला मोजकेच उपक्रम निवडते आणि त्यांत खोल जाते, बाकीच्यांचे अहवाल कोणी न उघडताच ग्रंथालयात जातात. खोल तपासणी सोडा असं मी म्हणत नाही, पण प्रत्येक अहवालावर निदान एक शेरा पडायला हरकत नसावी.

मला आमच्या आमदारांना काहीतरी विचारायला लावायचं आहे. काय विचारायला सांगू?

‘अमुक महामंडळात भ्रष्टाचार आहे हे खरे आहे काय?’ असा तारांकित प्रश्न लावायला सांगू नका. त्याला ‘हे खरे नाही’ असं उत्तर येतं आणि विषय संपतो. त्याऐवजी असं लिहून द्या: अमुक कंपनीचे कोणत्या वर्षापर्यंतचे लेखे अंतिम झाले आहेत, त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी तिला शासनाकडून भागभांडवल, कर्ज व अनुदान म्हणून किती रक्कम मिळाली, आणि कोणत्या वर्षापर्यंतचे वार्षिक अहवाल सभागृहासमोर ठेवण्यात आले आहेत. या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर देता येत नाही. कक्ष अधिकाऱ्याला तक्ता भरूनच द्यावा लागतो. तक्ता आला की त्याची एक प्रत जपून ठेवा, पुढच्या अधिवेशनात पुन्हा लागेल.